तुकडी मोडली, मुले कोठे गेली?

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते. एक तपासणीची आणि दुसरी दाखल्याची. तपासणी वर्षातून एकदा येते आणि तिची सूचनाही आधी मिळते. दाखला मात्र कोणत्याही दिवशी मागितला जातो, आणि जो तो मागावयास येतो त्याची निकड त्या घटकेपुरती तरी जगातल्या कोणत्याही निकडीहून मोठी असते. आज मी आपल्याशी जे बोलणार आहे त्याचा आरंभ अशाच एका दाखल्यापासून झाला. विषय मात्र संगणकाच्या आज्ञावलीचा आहे, किंबहुना त्या आज्ञावलीत वस्तूवस्तूंमध्ये जी नाती मांडली जातात त्या नात्यांचा आहे. विषय ऐकून कोणी नभोवाणीचे बटण फिरवू नये, एवढी विनंती. ही नाती आपण रोज बोलतो त्या मराठीतच दडलेली आहेत.

काही वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली गोष्ट. मी ज्या शाळेत शिकवीत होते तेथे आठवीच्या अ, ब आणि क अशा तीन तुकड्या होत्या. त्या वर्षी पटसंख्या घटली, म्हणून क तुकडी बंद करून तिच्यातील चौतीस मुले अ आणि ब या तुकड्यांत वाटून द्यावयाची, असे ठरले. शाळेचे सारे दप्तर तोवर संगणकावर गेले होते. आमचे कारकून मोठे टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी पडद्यावर ‘तुकडी रद्द करा’ असे बटण पाहिले व ते दाबले. संगणकाने रीतीप्रमाणे ‘आपली खात्री आहे का?’ असे विचारले. त्यांची खात्री होतीच. तुकडी रद्द झाली. मग मुलांची नावे अ तुकडीत घालावयास ते बसले, तो नावे कोठेच नाहीत! केवळ हजेरीपटावरील नावेच नव्हेत, तर जन्मतारखा, पालकांचे पत्ते, प्रवेशाची तारीख, मागील तीन वर्षांचे गुण, सारेच नाहीसे झाले होते. राखून ठेवलेली प्रत जुनी होती. तिच्यात निम्मी मुले होती आणि निम्मी नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. यजमानांची बदली झाली होती. मुलीला नव्या गावच्या शाळेत घालावयाचे, तेथील प्रवेश शनिवारी बंद होणार, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला द्या, असे म्हणाल्या. मुलगी आईच्या मागे उभी होती. दोन वर्षे तिने माझ्या हाताखाली निबंध लिहिले होते. मी तिला नावाने ओळखत होते, तिचे अक्षर ओळखत होते. परंतु संगणकाच्या लेखी ती कधी शाळेत आलीच नव्हती. त्या मायलेकींना दोन दिवस हेलपाटे घालावे लागले. अखेर अडगळीच्या कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले, त्यातील नोंद पाहून दाखला हाताने लिहिला आणि शुक्रवारी संध्याकाळी तो त्यांच्या हाती पडला.

दोष कारकुनांचा, असे सर्वांनी म्हटले. मीही मनातून तेच म्हटले. पुढे माझा एक जुना विद्यार्थी, जो आता संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचे काम करतो, भेटावयास आला असता त्याला ही हकिकत सांगितली. तो हसला नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाला, “बाई, चूक बटणात नाही, नात्यात आहे. ज्याने ही आज्ञावली लिहिली त्याने तुकडी आणि मूल यांचे नाते चुकीचे लिहिले.”

नाते चुकीचे लिहिले म्हणजे काय, हे समजून घेण्यात माझे पुढचे कित्येक रविवार गेले. जे समजले ते आपणांस सांगते.

पूर्वी आज्ञावली म्हणजे कामांची एक लांबलचक यादी असे: आधी हे कर, मग ते कर, अमुक झाले तर तमुक कर. नॉर्वेमधील ऑस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर हे दोघे संशोधक निराळ्याच अडचणीत होते. त्यांना संगणकावर जगातील व्यवहारांची प्रतिकृती उभी करावयाची होती. गिऱ्हाइकांची रांग कशी वाढते, यंत्रापाशी काम कसे तुंबते, वाहनांचा खोळंबा कोठे होतो, असे प्रश्न त्यांच्यापुढे होते. असल्या जगाचे वर्णन कामांच्या यादीने नीट होत नाही. तेथे गिऱ्हाईक आहे, यंत्र आहे, वाहन आहे. प्रत्येकाचे स्वतःचे गुण आहेत आणि स्वतःचे वागणे आहे. तेव्हा आज्ञावलीही अशा वस्तूंचीच बनवावी, हा विचार त्यांनी केला. त्यातून 1967 साली ‘सिम्युला 67’ ही भाषा सिद्ध झाली. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्मॉलटॉक’ ही भाषा निर्माण केली. सिम्युला जाणणाऱ्या ब्यार्ने स्ट्रोस्ट्रुप यांनी 1979 साली जे काम हाती घेतले ते ‘सी प्लस प्लस’ या नावाने प्रसिद्धीस आले. आणि 1995 साली ‘जावा’ जगापुढे आली. या पद्धतीला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग असे म्हणतात. डाल आणि न्यूगोर यांना 2001 सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. 2002 साली अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने दोघेही निवर्तले.

या पद्धतीत दोन शब्द मुख्य. एक ‘क्लास’, म्हणजे वर्ग, आणि दुसरा ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे वस्तू. येथे वर्ग म्हणजे शाळेतला वर्ग नव्हे. वर्गीकरण या शब्दातला वर्ग. प्रवेश-अर्जाचा छापील कोरा नमुना आपण पाहिला आहे. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता अशी रिकामी घरे असतात. तो नमुना म्हणजे वर्ग, आणि एकेका मुलाचा भरलेला अर्ज म्हणजे वस्तू. फरक इतकाच की कागदाचा अर्ज मुका असतो, तर संगणकातील वस्तूला आपले काम आपण करता येते. ‘तुझे वय सांग’ असे विद्यार्थी नावाच्या वस्तूला विचारले, तर ती जन्मतारखेवरून वय काढून सांगते.

परंतु नुसत्या वस्तू जमवून शाळा उभी राहत नाही. त्यांच्यामधील नाती मांडावी लागतात. आणि येथेच मला माझे व्याकरण उपयोगी पडले. इंग्रजीत भावाविषयी, छत्रीविषयी आणि हाताविषयी बोलताना एकच ‘हॅव’ क्रियापद चालते. मराठीत तसे क्रियापद नाही. आपण ‘आहे’ म्हणतो आणि नात्याचा प्रकार प्रत्ययावर किंवा शब्दयोगी अव्ययावर सोपवितो. ‘मला भाऊ आहे’, ‘माझ्याकडे छत्री आहे’, ‘खोलीला दोन खिडक्या आहेत’ ही तीन वाक्ये पाहा. ‘खोलीकडे दोन खिडक्या आहेत’ असे कोणी म्हणणार नाही. आणि ‘माझ्याकडे भाऊ आहे’ असे म्हटले, तर तो आमच्या घरी मुक्कामाला आला आहे, असा अर्थ होईल. नाते बदलले की भाषा बदलते. आज्ञावली लिहिणाऱ्यालाही हाच विवेक करावा लागतो.

माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेले पाच प्रकार मी फळ्यावर पाच वाक्यांत लिहून पाहिले.

पहिले वाक्य: शिक्षक खडूने लिहितात. येथे तृतीयेचा ‘ने’ आहे. शिक्षकाला लिहिण्यापुरता खडू लागतो. तो हातात आला, काम झाले, खाली ठेवला. कोणता खडू होता, हे शिक्षक लक्षात ठेवीत नाहीत. एका वस्तूला कामापुरती दुसरीची गरज लागते, अशा या तात्पुरत्या नात्याला डिपेंडन्सी म्हणतात. मात्र तेही नातेच आहे. उद्या फळा काढून तेथे पांढरा गुळगुळीत तक्ता लावला आणि त्यावर खडू उमटेनासा झाला, तर शिक्षकाला आपली लिहिण्याची रीत बदलावीच लागेल.

दुसरे वाक्य: विद्यार्थ्याकडे ग्रंथालयाचे पुस्तक आहे. हे नाते काही काळ टिकणारे आहे. विद्यार्थ्याला पुस्तक ठाऊक आहे, ग्रंथपालाच्या वहीत विद्यार्थी ठाऊक आहे. परंतु दोघेही एकमेकांवाचून सुखाने जगू शकतात. या नात्याला असोसिएशन म्हणतात. यात संख्येचा प्रश्न येतो. एका मुलाकडे एका वेळी किती पुस्तके? एक प्रत एका वेळी किती मुलांकडे? पहिल्याचे उत्तर ‘दोनपर्यंत’ असू शकेल, दुसऱ्याचे ‘फार तर एक’. ही संख्या आधी ठरवून लिहिली नाही, तर आज्ञावली एकच प्रत खुशाल तीन मुलांच्या नावावर चढविते.

तिसरे वाक्य: तुकडीत चाळीस मुले आहेत. येथे सप्तमीचा ‘त’ आहे. तुकडी हा समुदाय, मुले हे तिचे घटक. परंतु मुले तुकडीच्या आधीही होती आणि नंतरही राहतील. तुकडी मोडली तर मुले दुसऱ्या तुकडीत जातील, घरी जातील. ती नाहीशी होणार नाहीत. समुदाय आणि घटक यांच्या या सैल नात्याला ॲग्रिगेशन म्हणतात.

चौथे वाक्य: प्रगतिपुस्तकाला विषयांचे रकाने आहेत. वरवर पाहता हे वाक्य तिसऱ्यासारखेच वाटते. तेथे तुकडी आणि मुले, येथे प्रगतिपुस्तक आणि रकाने. पण ‘त’ जाऊन ‘ला’ आला आहे. प्रगतिपुस्तक फाडून टाकले, तर गणिताचा रकाना कोठे उरेल? त्याला पुस्तकावेगळे अस्तित्वच नाही. तो एकाच प्रगतिपुस्तकाचा असतो. दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकात तोच रकाना जाऊन बसत नाही. संपूर्ण वस्तू आणि तिचे अवयव यांच्या या घट्ट नात्याला कॉम्पोझिशन म्हणतात. येथे धन्याबरोबर अंगही जाते, आणि जाणेच योग्य असते; नाहीतर धनी गेलेले रकाने संगणकाच्या स्मृतीत उगाच साचत राहतील.

पाचवे वाक्य: विद्यार्थी ही व्यक्ती आहे. येथे प्रत्यय मुळीच नाही; दोन्ही नावे प्रथमेत आहेत. व्यक्तीला नाव असते, जन्मतारीख असते. म्हणून विद्यार्थ्यालाही ती असतात, वेगळी सांगावी लागत नाहीत. एका वर्गाचे सारे गुण दुसऱ्याला आपोआप मिळतात, म्हणून याला इन्हेरिटन्स, म्हणजे वारसा, म्हणतात.

ही नाती कागदावर काढण्याची एक सर्वमान्य चित्रलिपीही आहे. तिचे नाव यू. एम. एल.; 1997 साली तिला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. तीत प्रत्येक वर्ग म्हणजे एक चौकट. साध्या सोबतीच्या नात्याला साधी रेघ; कामापुरत्या नात्याला तुटक रेघेचा बाण; वारशाला टोकाशी पोकळ त्रिकोण. समुदायाच्या नात्याला पोकळ शंकरपाळी आणि अवयवाच्या नात्याला भरीव शंकरपाळी. त्या दोन शंकरपाळ्यांत शाईच्या एका थेंबाचे अंतर आहे, आणि आमच्या शाळेतील चौतीस मुले त्या थेंबात बुडाली होती.

आता आपल्या ध्यानात आले असेल. ज्याने ती आज्ञावली लिहिली त्याने तुकडी आणि मूल यांचे नाते प्रगतिपुस्तक आणि रकाना यांच्या नात्यासारखे लिहिले. तुकडी हा धनी आणि मूल हा तिचा अवयव! मग तुकडी रद्द झाली तेव्हा संगणकाने आज्ञेप्रमाणे तिचे सारे अवयव पुसून टाकले. तो चुकला नाही, आणि कारकूनही चुकले नाहीत. कागदावरच्या जगात तुकडी रद्द करणे म्हणजे हजेरीपटावर रेघ मारणे; त्यांनी तेवढेच केले, असे त्यांना वाटले.

या प्रश्नाचा विचार पहिल्या भाषेतच झालेला होता, हे वाचून मला फार नवल वाटले. सिम्युला 67 मध्ये रांगेसाठी तयार वर्ग होते. एक वर्ग रांगेच्या मस्तकाचा आणि दुसरा रांगेत उभे राहणाऱ्या दुव्याचा. एक दुवा एका वेळी एकाच रांगेत उभा राहू शके. त्याला दुसऱ्या रांगेत घातले की तो पहिलीतून आपोआप बाहेर पडे. आणि रांग रिकामी करण्याची आज्ञा दिली, तर दुवे रांगेतून सुटत. रांग मोडली म्हणून ते मरत नसत. जोवर आज्ञावलीत कोणीतरी त्यांना धरून आहे तोवर ते जिवंत राहत. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणाही माणसाला हे सांगावे लागणार नाही. दुकान बंद झाले तर रांग मोडते, माणसे पिशव्या घेऊन घरी जातात.

श्रोतेहो, अवयवाचे नाते चुकले तर असा अनर्थ होतो. वारशाचे नाते चुकले तर काय होते, तेही सांगते. कारण तेथे आपली भाषाच आपल्याला चकविते.

आपल्या व्यवहारात वारसा नको असेल तर हक्कसोडपत्र लिहून देता येते. आज्ञावलीत तशी सोय नाही. वारसा घेतला की बऱ्यावाईटासकट सगळा घ्यावा लागतो. भूमितीत आपण मुलांना शिकवितो की चौरस हा आयतच आहे, आणि ते बिनचूक आहे. परंतु आज्ञावलीत आयताला दोन अधिकार दिलेले असतील: लांबी बदलणे आणि रुंदी बदलणे. चौरसाने आयताचा वारसा घेतला तर हे दोन्ही अधिकार त्याच्याकडे आले. आता कोणी म्हटले, ‘लांबी 5 कर, मग रुंदी 4 कर, आणि क्षेत्रफळ सांग.’ खरा आयत 20 सांगेल. चौरसाला मात्र चौरस राहण्यासाठी दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्या लागतात. तो 16 सांगेल. ज्याने आयत समजून विचारले त्याचा हिशेब चुकला. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कॉव्ह यांनी 1987 साली एका व्याख्यानात या गोष्टीची कसोटी सांगितली, आणि 1994 साली जेनेट विंग यांच्यासह ती शास्त्रीय रीतीने मांडली. तिचा आशय असा की जेथे जेथे मूळ वर्गाची वस्तू चालते, तेथे तेथे वारसदाराची वस्तूही कोणाची फसगत न करता चालली पाहिजे. नाहीतर तो वारसा खरा नव्हे. लिस्कॉव्ह यांना 2008 सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

ही चूक केवळ नवशिक्यांचीच असते, असे नाही. जावा भाषेची पहिली आवृत्ती 1996 साली बाहेर पडली. तिच्यात ‘स्टॅक’ नावाचा एक वर्ग आहे. स्टॅक म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली ताटांची चळत. ताट ठेवावयाचे ते वर, काढावयाचे तेही वरचेच. हाच चळतीचा धर्म. परंतु ज्यांनी तो वर्ग लिहिला त्यांनी त्याला ‘व्हेक्टर’ नावाच्या वर्गाचा वारस केले. व्हेक्टर ही क्रमाने मांडलेल्या वस्तूंची यादी. तिच्यात हव्या त्या जागी वस्तू घालता येते आणि हव्या त्या जागची काढता येते. वारसा हक्काने हे सारे अधिकार चळतीकडे आले. परिणामी जावातील चळतीच्या मधूनच एखादे ताट बेलाशक ओढून काढता येते. चळत ही यादी नव्हे. चळतीने आपल्या पोटात एक यादी बाळगावी आणि बाहेर फक्त वरचे ताट ठेवण्या-काढण्याची वाट मोकळी ठेवावी, एवढेच हवे होते. पुढे 2006 साली जावात या कामासाठी ‘डेक’ नावाची अधिक नीट सोय आली, आणि जावाचे अधिकृत माहितीपत्रकच आता स्टॅकऐवजी ती वापरावी असे सांगते. तथापि जुना स्टॅक काढून टाकता आलेला नाही, कारण त्याच्यावर विसंबून लिहिलेल्या आज्ञावल्या जगभर चालू आहेत. चुकीचे नाते एकदा पसरले की ते मोडणेही कठीण होते.

1994 साली एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडिस या चौघांनी ‘डिझाइन पॅटर्न्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक प्रमुख उपदेश हाच आहे की वारशाचा मोह धरण्यापेक्षा एका वस्तूने दुसरीला आपल्यापाशी ठेवून तिच्याकडून काम करून घ्यावे. वारसा जन्माचा असतो. पोटात ठेवलेली वस्तू उद्या बदलता येते.

याचेही उदाहरण आमच्या शाळेतच सापडले. त्या आज्ञावलीत व्यक्ती हा मूळ वर्ग होता, आणि शिक्षक, पालक, विद्यार्थी हे त्याचे तीन वारस. ‘त्या शिक्षिका आहेत’ असे आपण म्हणतोच. ‘आहेत’ आले म्हणजे वारसा, असे लिहिणाऱ्याला वाटले असावे. परंतु माझ्या एका सहकारी बाईंची मुलगी त्याच शाळेत होती. बाई शिक्षिकाही आणि पालकही! संगणकाने त्यांच्या दोन स्वतंत्र नोंदी केल्या. त्यांनी घर बदलले तेव्हा शिक्षिकेचा पत्ता बदलला, पालकाचा तोच राहिला, आणि मुलीच्या नावाची पत्रे वर्षभर जुन्या घरी जात राहिली. शिवाय आजचा विद्यार्थी दहा वर्षांनी शिक्षक होऊन त्याच शाळेत परत आला तर काय करावयाचे? जावा किंवा सी प्लस प्लस या भाषांत एकदा जन्मलेल्या वस्तूला आपला वर्ग बदलता येत नाही. वस्तुतः शिक्षक असणे ही त्या व्यक्तीची जात नव्हे, ती तिच्याकडे असलेली भूमिका आहे. व्यक्ती एकच, तिच्याकडे शिक्षकाची भूमिका आहे, पालकाची भूमिका आहे, आणि उद्या यातील एखादी संपेल. ‘आहे’ या क्रियापदावर भुलू नये. ते कायमचे ‘आहे’ की सध्यापुरते, हे विचारून घ्यावे.

आता शेवटी, आमची आज्ञावली कशी दुरुस्त झाली ते सांगते. माझ्या विद्यार्थ्याने एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर चौकटी काढल्या. एक चौकट विद्यार्थ्याची, एक तुकडीची. दोहोंमधील भरीव शंकरपाळी त्याने खोडली. मग तो मला म्हणाला, “बाई, हजेरी क्रमांक कोणाचा? मुलाचा की तुकडीचा?”

मी म्हटले, “मुलाचा.”

“मग तुकडी बदलल्यावर तो का बदलतो?”

मी म्हटले, “तर मग तुकडीचा.”

“तुकडीला क्रमांक एक असतो का? मुलांना असतो.”

मला उत्तर सुचले नाही. तेव्हा त्याने दोन चौकटींच्या मध्ये तिसरी चौकट काढली आणि तीवर ‘नोंद’ असे लिहिले. हजेरी क्रमांक मुलाचा नाही आणि तुकडीचाही नाही. तो त्यांच्या नात्याचा आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या तुकडीत, कोणत्या तारखेपासून, कोणत्या क्रमांकाने, हे सारे त्या नोंदीत राहील. कधी कधी नाते हीच एक वस्तू असते आणि तिला स्वतःची चौकट द्यावी लागते. मुलाची मूळ माहिती शाळेच्या कायम रजिस्टरात राहील. तुकडी बंद झाली तर ती पुसली जाणार नाही. तिची नोंद त्या तारखेला संपली एवढे लिहिले जाईल, आणि मूल दुसऱ्या नोंदीची वाट पाहत उभे राहील. आमच्या जुन्या जनरल रजिस्टरात नेमके हेच होते! ज्यांनी ते रजिस्टर आखले त्यांनी संगणक पाहिला नव्हता. पण तुकडी जाते आणि मूल राहते, हे त्यांना ठाऊक होते.

शाळेसाठी, पतसंस्थेसाठी, दवाखान्यासाठी किंवा ग्रंथालयासाठी जे आज्ञावली लिहवून घेतात, त्यांना माझे सांगणे आहे. आपल्याला संगणकाची भाषा येत नाही म्हणून गप्प बसू नका. लिहिणाऱ्याला साध्या मराठीत चार प्रश्न विचारा. हा गेला तर त्याचे काय होते? एकाचे किती, आणि कोणाकडे किती? हे नुसते कामापुरते लागते की जवळ बाळगावयाचे आहे? आणि जे ‘आहे’ म्हणता ते जन्माचे आहे की सध्यापुरते? खाते बंद झाले तर खातेदार पुसला जाईल काय, डॉक्टर दवाखाना सोडून गेले तर त्यांच्या रोग्यांचे जुने कागद राहतील काय, हे ज्याचे काम आहे त्यालाच अधिक चांगले कळते. लिहिणाऱ्याला ते कोणी सांगितले नाही, तर तो अंदाजाने शंकरपाळी काढतो.

दुरुस्तीनंतरच्या जून महिन्यात पुन्हा एक तुकडी बंद करण्याची वेळ आली. या खेपेस सातवीची. कारकुनांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. मुख्याध्यापकही येऊन उभे राहिले. कपाटातील जनरल रजिस्टर आधीच टेबलावर काढून ठेवले होते. ‘तुकडी रद्द करा’ हे बटण तेथेच होते. संगणकाने विचारले, ‘आपली खात्री आहे का?’ कारकुनांनी एकदा आमच्याकडे पाहिले आणि बटण दाबले. तुकडी नाहीशी झाली. तिच्या जागी पडद्यावर एक यादी आली. वर लिहिले होते, ‘तुकडी नेमावयाची आहे’, आणि खाली एकतीस नावे, जन्मतारखांसह. कारकुनांनी बोटाने ती एकदा मोजली, मग पुन्हा एकदा मोजली, आणि रजिस्टर मिटून कपाटात ठेवले. कपाटाला कुलूप मात्र त्यांनी लावले नाही.